बाबाची पायली

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची स्नाने आटोपून आम्ही फराळाला बसलो होतो, तोच अमेरिकेतून नातीचा फोन आला. ती मिनेसोटा राज्यात असते. वय वर्षे अकरा. दिवाळीचा नमस्कार सांगून झाल्यावर तिने एकदम विचारले, "आबा, आपला सगळ्यांत पहिला आजोबा कोण? आणि तो कुठून आला?"

प्रश्न शाळेतला होता. वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपल्या कुळाचा वृक्ष काढून न्यायचा होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा पूर्वज स्वीडन देशातून आलेला. त्याचे गाव, त्याच्या आईबापांची नावे, त्याने गाव सोडल्याची तारीख, सारे तिच्या कागदावर मांडलेले होते. आमच्या नातीच्या झाडाला मात्र तिचा बाप, मी आणि माझे वडील अशा तीनच फांद्या फुटल्या होत्या.

वाचकहो, मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. शिवाजी महाराजांची वंशावळ बाबाजी भोसल्यांपासून मला तोंडपाठ आहे. परंतु स्वतःच्या घराची विचारताच पणजोबांपाशी माझी गाडी अडली. "शोधून सांगतो," असे म्हणून मी फोन ठेवला खरा, पण चकलीची चव गेली ती गेलीच.

प्रथम मला कुतूहल वाटले ते त्या स्वीडिश मुलीचे. एका साध्या शेतकऱ्याच्या सात पिढ्या त्या लोकांना सापडतात तरी कशा? चौकशी केली तेव्हा कळले की हे पुण्य तिथल्या चर्चच्या वह्यांचे. १६८६ साली त्या देशात चर्चचा कायदा झाला आणि प्रत्येक गावच्या पाद्र्यावर जन्म, लग्न, मृत्यू आणि गावातली आवकजावक लिहून ठेवण्याची जबाबदारी आली. पाद्री घरोघरच्या माणसांची धर्मपाठाची परीक्षा घेई आणि घरवार नोंद करी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत, दुष्काळामुळे आणि जमिनीच्या तुटपुंजेपणामुळे, बारा लाखांवर स्वीडिश माणसे अमेरिकेला निघून गेली. त्यांची पाने त्या वह्यांत राहिली. बरे, त्या शेतकऱ्यांना आपल्यासारखी आडनावेही नसत. अँडर्सचा मुलगा योहान तो योहान अँडर्सन, आणि त्याचा मुलगा पेर तो पेर योहानसन! आपण बापाचे नाव मध्ये घालतो, ते शेवटी लावीत. दर पिढीला नाव बदलणाऱ्या या लोकांचा माग लागतो, तो केवळ त्या वह्यांमुळे.

आपल्याकडे असा पाद्री नव्हता. पण आपल्याकडेही वह्या होत्याच. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी घरातली साक्ष काढावी, म्हणून मी गावी गेलो.

आमचे गाव जुन्या आर्वी तालुक्यातले. काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, अजून तिथेच शेती पाहतात. त्यांचे वय आता शहाऐंशी. दादांचे मत ठाम होते. आमचा मूळ पुरुष पहिल्या रघूजी भोसल्यांबरोबर शिलेदार म्हणून या मुलखात उतरला. पुरावा? देवघरातली तलवार. ती तलवार मी मोठ्या आदराने नागपूरला एका जाणकाराकडे नेली. त्यांनी ती उलटसुलट केली, पात्यावर नख मारले आणि म्हणाले, "गुरुजी, ही लग्नात नवरदेवाच्या हाती द्यायची तलवार. फार तर साठ-सत्तर वर्षांची." हे मी दादांना सांगितले नाही. शहाऐंशीव्या वर्षी माणसाच्या हातून तलवार काढून घेऊ नये.

दुसरी साक्ष माझ्या आजीची. ती जाऊन आता पन्नास वर्षे झाली. ती वऱ्हाडी बोले. मी लहानपणी विचारले म्हणजे सांगे, "आपन नबाबासंग आलो, बाप्पा. कोनता नबाब ते मले नाई ठावं." आणि माघ महिन्यात खळ्यावर ज्वारीची रास झाली की ती पहिली पायली भरून बाजूला काढी. हे कोणाचे असे विचारले तर म्हणे, "बाबाची." ती ज्वारी मग एखाद्या फकिराच्या नाही तर गोसाव्याच्या झोळीत जाई. बाबा म्हणजे गावचा कोणी देव असेल, अशी माझी समजूत होती.

आजीचे हे बोल मी दादांपुढे काढले, तसे ते भडकले. "आपला नि नबाबाचा काय संबंध? बुढीच्या गोष्टी त्या!" म्हणून उठूनच गेले. त्यांच्या रागाचे मला नवल वाटले. कारण राग येण्याजोगे त्यात काहीच नव्हते.

आता वह्यांकडे. सरकारी कागद पाहिले. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला आणि पुढे जमिनीची पाहणी होऊन मालगुजारीची व्यवस्था लागली. त्या वेळच्या कागदांत आमच्या घरची जमीन आहे, खापरपणजोबांचे नाव आहे. त्यामागे काही नाही.

मग नाशिक गाठले. आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा एक अजब ठेवा आहे. जो यजमान तीर्थाला येई, त्याचे गाव, कूळ, बाप, आजा आणि बरोबरची माणसे उपाध्याय लिहून घेत. पुढे त्याचा नातू आला की तेच पान काढीत. पंचवटीत आमच्या उपाध्यायांनी माझे आडनाव आणि गाव विचारले, आणि तासाभराने लाल फडक्यातली एक लांबट वही माझ्यापुढे ठेवली. शके १७४२, म्हणजे इ. स. १८२०. मजकूर मोडीत. आमचा एक पूर्वज त्या साली रामकुंडावर स्नानाला आला होता. त्याने आपले, बापाचे आणि आज्याचे नाव सांगितले होते. ती तिन्ही नावे घरची आहेत, ती घरातच राहू देतो. नावांखाली गाव, गावापुढे दोन शब्द, "परगणे आष्टी". आणि सर्वांत खाली, जिथे सही करायची, तिथे त्याने एक चित्र काढले होते. वाकडेतिकडे, पण ओळखू येईल असे. नांगर!

जुन्या काळी ज्याला लिहिता येत नसे, तो आपल्या धंद्याची निशाणी करी. लढवय्याची कट्यार, शेतकऱ्याचा नांगर. माझ्या पूर्वजाने तलवार काढली नव्हती, कट्यार काढली नव्हती. त्या वहीचा फोटो मी दादांना नेऊन दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला, काही न बोलता मला परत दिला आणि त्या दिवशी माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत. यंदा पोळ्याला मी गावी गेलो नाही. साठ वर्षांत असे प्रथमच झाले.

राहिला तो "परगणे आष्टी" हा शब्द, आणि आजीचा नबाब. या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात, हे इतिहासाच्या मास्तराला आधीच सुचायला हवे होते.

नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगाव श्यामजीपंत लागते. तिथून आत वळले की थोड्याच अंतरावर आष्टी. १९४२ च्या ऑगस्टात, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. गोळीबार झाला, माणसे पडली, आणि तेव्हापासून गाव "आष्टी शहीद" म्हणून ओळखले जाते. पण त्याच्याही आधीची आष्टीची ओळख म्हणजे तिथले दोन दगडी घुमट. मोगली घाटाचे, एकमेकांच्या शेजारी उभे. एक थोरला, एक त्याहून धाकटा. दिल्ली-आग्र्याकडे शोभावे असे हे काम वर्धेच्या खोऱ्यात, कपाशीच्या शेतांच्या संगतीत पाहून नवखा माणूस थबकतो.

थोरला घुमट मुहम्मद खान नियाझी याचा. नियाझी ही अफगाणांची एक जमात. सिंधू नदीकाठी मियांवाली-ईसाखेल या भागात तिची वस्ती. दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात शिरताना उजव्या हाताला जो आठकोनी मकबरा दिसतो, तो शेरशाहाच्या पदरचा सरदार ईसा खान नियाझी याचा. आणि आजच्या मुलांना समजेल असे सांगायचे तर, पाकिस्तानचे क्रिकेटपटू आणि पुढे पंतप्रधान झालेले इम्रान खान हेही नियाझीच.

आपला मुहम्मद खान अकबराच्या चाकरीत शिरला. त्याची हकिगत "मआसिर-उल-उमरा" या फारसी ग्रंथात आहे. मोगल सरदारांच्या चरित्रांचा हा थोर कोश शाहनवाज खानाने अठराव्या शतकात रचला, तोही औरंगाबादेस बसून! म्हणजे आपल्याच मुलखात. त्याचे इंग्रजी भाषांतर मी नागपूरच्या एका ग्रंथालयात बसून वाचले. मुहम्मद खान आधी शाहबाज खानाबरोबर बंगालच्या मोहिमेवर होता. ब्रह्मपुत्रेवरच्या लढायांत त्याने नाव काढले. मग खानखानान अब्दुर्रहीम याच्याबरोबर तो सिंधमध्ये गेला आणि मिर्झा जानी बेगाच्या पराभवात त्याचा मोठा वाटा होता. हा खानखानान म्हणजे ज्याचे दोहे आपण शाळेत पाठ केले, तोच रहीम. तेव्हापासून रहीमची त्याच्यावर मर्जी बसली. पुढे तो दक्षिणेत आला. जहांगीर बादशहाच्या काळी तो दोन हजारी मनसबदार झाला, आणि आष्टी, आमनेर, पवनार व तळेगाव हे परगणे त्याला जहागीर मिळाले.

आता मौज पाहा. मोगल सरदाराला जहागिरी मिळत आणि बदलतही. आज वऱ्हाड, उद्या बंगाल. वसूल घ्यावा आणि पुढे जावे, अशी ती रीत. सिंधूकाठच्या घराण्यातला, बंगाल आणि सिंध पाहिलेला हा माणूस मात्र आष्टीत राहिला. त्याने तिथे घर केले, इमारती बांधल्या, बागा लावल्या. नमाज, पठण, दरबार असा त्याचा प्रत्येक प्रहराचा नेम ठरलेला होता आणि मरेपर्यंत त्याने तो मोडला नाही, असे चरित्रकार सांगतो. हिजरी १०३७ साली, म्हणजे इ. स. १६२७-२८ मध्ये, तो वारला. जहांगीरही त्याच हिजरी सालात गेला. खानाच्या मृत्यूचे साल एका फारसी वाक्यात गुंफले आहे, "मुहम्मद खान औलिया बमुर्द". अर्थ असा की साधुपुरुष मुहम्मद खान मरण पावला. फारसी अक्षरांना अंकांची किंमत असते. मुहम्मदचे ९२, खानचे ६५१, औलियाचे ४८ आणि बमुर्दचे २४६. बेरीज करून पाहा, बरोबर १०३७ येते! त्याचा मुलगा अहमद खान हिजरी १०६१ साली, म्हणजे इ. स. १६५१ च्या सुमारास वारला. धाकटा घुमट त्याचा.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची ओळ वेगळीच होती. इंग्रजांनी केलेल्या गॅझेटियरात मुहम्मद खानाविषयी लिहिले आहे की त्याने हा मुलूख सावरला आणि लागवडीखाली आणला. इतिहासाच्या पुस्तकात हे एक वाक्य असते. शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ फार मोठा असतो. वऱ्हाड १५९६ साली अकबराकडे आले, त्यानंतर तीस वर्षे मोगल आणि मलिक अंबर यांच्या झुंजी चालल्या. लढाईत गावे ओस पडतात, रान वाढते. जमीन पुन्हा वहीत करायची, तर जहागीरदार स्वतः नांगर धरत नाही. त्याला माणसे लागतात. जुनी रीत अशी की पडीत जमिनीसाठी कौल द्यायचा. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे चढत चढत काही वर्षांनी पुरा दर. याला इस्तावा म्हणत. असा कौल मिळाला की दूरदूरच्या परगण्यांतून कुणबी, माळी, सुतार, लोहार बायकापोरांसह गाडीत संसार घालून येत. सिंधूकाठचा एक पाहुणा धनी झाला आणि त्याच्या शब्दावर विसंबून कोठकोठचे पाहुणे त्याच्या रानात उतरले. "आपन नबाबासंग आलो" या आजीच्या वाक्याला याहून सरळ अर्थ मला तरी दिसत नाही. संग म्हणजे घोड्याशेजारी नव्हे. त्याच्या कौलावर.

एवढे लक्षात आल्यावर मला आमचा सारा जिल्हाच निराळा दिसू लागला. पालकवाडीच्या जागी १८६६ साली वसवलेले वर्धा शहर ते काय, आणि त्याला नाव मिळवून देणारी माणसे कुठकुठली! जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मले आणि दत्तक म्हणून वर्ध्याला आले. विनोबा कोकणातल्या गागोद्याचे. गांधीजी पोरबंदरचे, ते १९३६ साली शेगावला राहायला गेले आणि त्या गावाचे सेवाग्राम झाले. मीराबेन तर इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. आणि ज्या पवनारला विनोबांनी १९३८ साली धाम नदीकाठी आपले बिऱ्हाड मांडले, ते पवनार तीनशे वर्षांपूर्वी याच मुहम्मद खानाच्या जहागिरीत होते. कोणी तलवार घेऊन आला, कोणी थैली घेऊन, कोणी सूत कातायचा चरखा घेऊन. या मातीने त्यांना कोठून आलात हे विचारलेले दिसत नाही. येथे काय केलेत, एवढेच तिने जपून ठेवले.

हे सारे मी वहीत लिहून काढले, पण दादांना सांगायचा धीर होईना. दसऱ्याला मात्र राहवले नाही. थोरल्या भावाला सोने द्यायला धाकट्याने जायचे नाही, तर कोणी जायचे? संध्याकाळी गावी पोहोचलो. आपट्याची पाने दादांच्या हाती दिली, पायांवर डोके ठेवले. त्यांनी मला बसवले आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आजीची पायली होती. काठाला पत्रा मारलेली, कित्येक वर्षे कोणी न वापरलेली.

"तू तवा जलमला नोतास," दादा म्हणाले. रागात किंवा मायेत असले की त्यांच्या तोंडी आजीची बोली येते. "मी सहाएक वर्साचा असन. आबाजीनं मले दमनीत बसवलं नं आष्टीले घेऊन गेले. मोठ्या घुमटाच्या पायरीवर ही पायली उपडी केली, हात जोडले. मले म्हने, याच्या रानातलं खाल्लं आपन, इसरू नोको."

मी ऐकतच राहिलो.

"मंग फाळनी झाली. कोनी बंद करा म्हनलं नाई. आबाजीच भेले. लोक काय म्हनतीन म्हून. दमनी जुपलीच नाई त्या साली. बुढी मातर पायली काढत राह्यली. मले आबाजीनं बजावलं होतं, कोनाले सांगू नोको. म्या नाई सांगतलं. मंग म्याच तलवारीची गोष्ट धरून बसलो. तू नांगर दाखवला तवा मले ते सारं आठवलं. राग तुह्यावर नोता."

आज्याने सांगितलेल्या दोन गोष्टी एका सहा वर्षांच्या मुलाने आयुष्यभर सांभाळल्या. विसरू नकोस ही एक, आणि कोणाला सांगू नकोस ही दुसरी. दोन्ही एकदम पाळायच्या म्हणजे काय होते, ते मी त्या संध्याकाळी दादांच्या चेहऱ्यावर पाहिले. कागदपत्रे शोधायला मी नाशिक-नागपूर पालथे घातले, आणि खरा साक्षीदार माझ्या घरीच, माझ्या थाळीशेजारी जेवत होता!

इतिहासाच्या मास्तराला सिद्ध काय आणि असिद्ध काय हे सांगितलेच पाहिजे. आमचे घर मुहम्मद खानाच्या कौलावर आले असे दाखवणारा एकही कागद माझ्याजवळ नाही. एक परगण्याचे नाव, एक नांगराचे चित्र, आजीचे एक वाक्य आणि एक पायली, एवढेच आहे. कोर्टात हे टिकणार नाही. परंतु ज्याच्यापासून काही मिळायचे उरले नाही, अशा माणसाच्या थडग्यावर एक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपली पहिली ज्वारी नेऊन ठेवतो, ही गोष्ट उगाच घडत नाही, असे मला वाटते.

नातीला मी तिच्या झाडासाठी कागद पाठवला. वहीतली तीन नावे, त्यांखाली खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, असे करीत तिच्यापर्यंत. सगळ्यांत वरच्या पानावर नाव लिहिता आले नाही. तिथे मी नांगर काढून दिला, आणि लिहिले, "परगणे आष्टी". तिचा फोन आला. म्हणाली, "आबा, माझ्या मैत्रिणीला तो नांगर फार आवडला. तिचाही आजोबा शेतकरीच होता."

दादांची प्रकृती यंदा तशी बरी आहे. ज्वारी चांगली उभी आहे. माघात खळे झाले की आम्ही दोघे आष्टीला जाणार आहोत. दमणी आता राहिली नाही, एस.टी.नेच जाऊ. पायली दादांनी घासूनपुसून ठेवली आहे.